काळ्या रानातून जाणारी गाडी : बेताच्या पैशात फोर बाय फोर घेताना

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी बघायला बाहेर पडण्याआधी एक कागद घ्या आणि आपण खरंच कुठं कुठं जाणार ते गावांच्या नावांसकट लिहा. आमच्या चौघांच्या कागदावर तीन फेऱ्या होत्या. अंबाजोगाईहून धारूरमार्गे बालाघाटाच्या माथ्यावरून पाटोदा आणि सौताड्याचा धबधबा; कन्नड तालुक्यातला अंतूर किल्ला; आणि हिवाळ्यातली मोठी फेरी किनवट-माहूरकडं, पैनगंगेवरच्या सहस्रकुंडापर्यंत. गावांपुढं जमीन लिहा. बालाघाटाचा माथा मुरमाड, हलकं रान. अंतूरची वाट दगडधोंड्याची. किनवटकडं सागाचं जंगल आणि ओढे, आणि तिथवर पोचेपर्यंत मधे भारी काळं रान. जमिनीची ही यादी गाडीच्या यादीआधी झाली पाहिजे, कारण आपल्या मराठवाड्यात गाडी चढावर कमी आणि काळ्या मातीत जास्त अडते.

ही माती बेसाल्टच्या खडकाची झीज होऊन बनलेली. तिच्यातली चिकणमाती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओली असताना ती नुसती निसरडी नसते, ती चाकाला गुंडाळत जाते. काही वर्षांपूर्वी जूनच्या दुसऱ्या पावसानंतर केजकडच्या एका पाणंदीत आम्ही उसन्या गाडीनं शिरलो. शंभरेक पावलं गेलो असू. टायरच्या नक्षीत माती भरली, मग टायर आणि मडगार्डच्या मधली सगळी जागा भरली, आणि चाक फिरायचंच थांबलं. चारही चाकांना ताकद होती, पण चाक आपल्याच मातीत जाम झालं होतं. शेजारच्या शेतातल्या आजोबांनी खुरपं आणून दिलं. दीड तास आम्ही मडगार्डच्या आतून माती खरवडत होतो, आणि शेवटी ट्रॅक्टरनंच ओढून काढलं. तेव्हापासून माझ्या यादीत खुरपं पहिल्या पाचात असतं.

आता गाडी. तीन गोष्टी बघा, बाकी सगळं नंतर. पहिली म्हणजे लो रेंज. ट्रान्सफर केस म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी गिअरपेटी; तिचा जो वेगळा लिव्हर किंवा बटण असतं, त्यात 'फोर एल' आहे का ते बघा. लो रेंजमध्ये चाकं सावकाश फिरतात पण जोर कितीतरी वाढतो, त्यामुळं दगडावरून गाडी रांगत नेता येते आणि उतारावर ब्रेक जाळावे लागत नाहीत. दुसरी गोष्ट वजन. रुतलेली हलकी गाडी चार माणसं ढकलून काढतात. दोन टनांची गाडी ट्रॅक्टरची वाट बघत बसते. तिसरी, पोटाखालची जागा. दोनशे मिलिमीटरच्या वर असेल तर आपल्या वाटांना पुरते. सनरूफ, मोठा पडदा, मोठी चाकं यांच्यासाठी बेताच्या पैशातला एक रुपयाही घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

नावांवर येतो. जुन्यात मारुती जिप्सी अजून फिरते आहे. १९८५ पासून २०१९ पर्यंत ती बनत होती. वजन टनाच्या आसपास, पुढं-मागं कमान पाटे, लो रेंज, आणि तालुक्याच्या गावातला मिस्त्रीसुद्धा डोळे झाकून उघडेल असं इंजिन. पेट्रोल खाते, पाठ हलवून टाकते, आणि आता चांगली जिप्सी सहज सापडत नाही. तिची धाकटी बहीण म्हणावी अशी पाच दारांची जिमनी जून २०२३ मध्ये आली, सुरुवातीची किंमत शोरूमला १२.७४ लाख होती. साधारण बाराशे किलो वजन, २१० मिलिमीटर जागा, लो रेंज सगळ्या मॉडेलांत. टाकी मात्र चाळीस लिटरचीच, त्यामुळं किनवटसारख्या फेरीत पेट्रोल पंपाचं गणित आधी मांडावं लागतं. काळ्या रानासाठी माझी पसंती जिमनीलाच आहे, आणि त्याचं कारण तिचं वजन.

महिंद्रा थार घ्यायची तर डोळे उघडे ठेवून घ्या. २०२० ची नवी थार आली तेव्हा सगळ्या फोर बाय फोरच होत्या. जानेवारी २०२३ पासून फक्त मागच्या चाकांवर चालणारी स्वस्त थारही विकली जाऊ लागली. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. जुनी घेताना ट्रान्सफर केसचा लिव्हर स्वतः हातानं हलवून बघा आणि आरसीवरचं मॉडेल वाचा. फोर बाय फोर थारला २२६ मिलिमीटर जागा आहे आणि कंपनी ६५० मिलिमीटर पाण्यातून जाईल असं सांगते. डिझेलचा जोर दगडी चढाला फार कामाला येतो. अंतूरसारख्या वाटा जास्त असतील तर मी थार म्हणेन. २०१० ची जुनी थार, तिच्याआधीच्या जीपा यांचे पार्ट आपल्याकडं कुठंही मिळतात, हा मोठा गुण आहे; बोलेरो आणि स्कॉर्पिओही फोर बाय फोरमध्ये मिळायच्या, पण रस्त्यावर दिसतात त्यातल्या बहुतेक साध्या. फोर्स गुरखाला पुढं-मागं दोन्हीकडच्या डिफरन्शिअलला, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या एक्सलमधल्या गिअरांना, लॉक कंपनीतूनच येतं. एक चाक हवेत उचललं गेलं की साधी गाडी ते चाक नुसतं फिरवत बसते, लॉक असलेली गाडी दुसऱ्या चाकानं पुढं सरकते. पण गुरखा जड आहे आणि बेताच्या पैशात जुनीच शोधावी लागते. डस्टर ऑल व्हील ड्राईव्ह घाटमाथ्याच्या मुरमाला उत्तम, पण लो रेंज नाही.

जुनी गाडी बघायला एकट्यानं जाऊ नका. आमचे मिस्त्री बरोबर होते म्हणून आम्ही वाचलो. दलाल बोनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकवत होता. मिस्त्री म्हणाले, "सर, आवाज कुनालाबी नीट करता येतो. खाली झोपा अन् पोट बघा." पोतं टाकून आम्ही दोघं गाडीखाली गेलो. मागच्या डिफरन्शिअलचा भरणीचा बोल्ट त्यांनी सोडला, बोट आत घालून बाहेर काढलं आणि माझ्या समोर धरलं. बोटावरचं तेल दूध जास्त घातलेल्या चहासारखं होतं. म्हणजे गाडी पाण्यात बुडालेली होती, आणि आत गेलेलं पाणी कुणी काढलंच नव्हतं. गाडी शहराबाहेर गेलीच नाही असं आम्हाला दहा मिनिटांपूर्वी सांगितलं होतं. आम्ही मुकाट्यानं हात पुसले आणि निघालो. तुम्हीही हे करा: दोन्ही डिफरन्शिअल, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, चारही ठिकाणचं तेल बघा. पुढच्या एक्सलची रबरी बूट फाटलेली नाहीत ना, एक्सलकडं ताकद नेणाऱ्या दांड्याच्या (प्रोपेलर शाफ्टच्या) क्रॉसला ढिलाई नाही ना, चेसिसवर वेल्डिंगची नवी रेघ नाही ना, हे टॉर्च लावून बघा. सीटखालच्या गालिच्याचा कोपरा उचला. तिथं बारीक गाळ सापडला तर गाडी पुरातून आलेली असू शकते. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्याकडं पुरानं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय, तेव्हा ही तपासणी आता अजिबात सोडू नये.

फोर बाय फोर खरंच लागतो का हे डांबरावर बघू नका. थार, जिमनी, जिप्सी यांच्यासारख्या गाड्यांत पुढची आणि मागची चाकं तेव्हा एकाच वेगानं फिरायला बांधली जातात, आणि कोरड्या डांबरावर वळताना गिअरांवर ताण येतो. मोकळ्या मातीच्या जागेत न्या, फोर एचमध्ये (चारही चाकं, पण नेहमीचा वेग) टाका, मग फोर एलमध्ये, आणि सावकाश चढ चढवा. खडखड आवाज आला, लिव्हर अडला, उडी मारून बाहेर आला, तर किंमत कितीही कमी असो, सोडून द्या. ट्रान्सफर केसचं काम दुर्गम वाटेवर कुणाकडूनच होत नाही.

कागदांत फार वेळ जात नाही, पण चुकले तर फार जातो. बँकेचा बोजा उतरलाय का, विमा चालू आहे का, पीयूसी आहे का. पंधरा वर्षं झालेल्या खासगी गाडीची नोंदणी फिटनेस करून पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते, त्याचा खर्च आणि पर्यावरण कर किमतीत धरा. दिल्लीकडची दहा वर्षांची डिझेल गाडी स्वस्तात दाखवतील. एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवी नोंदणी मिळवली की स्वस्ताई बरीचशी विरघळते. आधीच्या मालकानं पुढं लोखंडी बुलबार लावला असेल तर काढून टाका, त्याला डिसेंबर २०१७ पासून मनाई आहे. गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. विम्याचा दावा अशाच बदलांवर अडतो.

पैशाची वाटणी हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. हातात दहा लाख असतील तर गाडी आठच्या आत बघा. उरलेल्यातून पहिल्याच आठवड्यात सगळी तेलं, फिल्टर, फॅन बेल्ट, होज पाईप, ब्रेक पॅड आणि बॅटरी बदला, मग टायर. टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. नक्षी नवी दिसली तरी सहा वर्षांपुढचा टायर दुर्गम वाटेला नेऊ नका. ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणारे टायर घ्या. मोठ्या गट्ट्यांचे मड टेरेन चिखलात माती जास्त झटकतात, पण आपली नव्वद टक्के वाट डांबर आणि मुरूम आहे, तिथं ते आवाज करतात, लवकर झिजतात. आणि भर ओल्या काळ्या रानात कुठलाच टायर भरवशाचा नाही. स्टेपनीही त्याच मापाची, त्याच तोडीची हवी. पऱ्हाटी आणि तुरीचे खुंट टायरच्या बाजूत घुसतात, आणि बाजूचं पंक्चर किटनं निघत नाही.

सामानात खुरपं, लहान फावडं, दोन रिकामी पोती. चाकाखाली घालायला तुराट्या-पऱ्हाट्या रानात मिळतात, मागून घ्या. हवा मोजायचा गेज आणि बॅटरीला चिमट्यानं जोडायचा पंप हवाच, कारण वाळूत आणि मऊ रानात हवा वीस पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि गाडी तरंगते. डांबरावर आलो की पुन्हा भरायची. जॅकखाली घालायला फूटभर लांबीची जाड फळी ठेवा, नाहीतर जॅकच जमिनीत जातो. ओढायचा पट्टा आणि तो अडकवायला दोन शॅकल, म्हणजे लोखंडी कड्या. हुक चेसिसला बसवलेला हवा. पट्टा ताणलेला असताना त्याच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका, आणि पट्ट्यावर पोतं किंवा जाड सतरंजी टाका. तुटलेला पट्टा गोफणीसारखा येतो.

पाणी माणशी रोज पाच लिटर धरा, रेडिएटरसाठी वेगळं. प्रथमोपचाराची पेटी, आणि घोणस-फुरशाचं रान असल्यानं बूट आणि टॉर्च. साप चावला तर बांधणं-कापणं काही न करता, चावलेला अवयव न हलवता १०८ ला फोन आणि सरकारी दवाखाना. नकाशे मोबाईलवर आधीच उतरवून घ्या, किनवटच्या डोंगरात रेंज जाते.

फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबा. गुडघाभर वाहतं पाणीही गाडी सरकवतं. साचलेल्या पाण्यात आधी एकानं काठी घेऊन चालत जावं. नदीच्या पात्रात वाळू उपसल्याचे खड्डे वरून दिसत नाहीत. पैनगंगा आणि गौताळा ही अभयारण्यं आहेत, तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय आणि ठरलेली वाट सोडून गाडी घालायची नाही. शेतातून जायचं तर मालकाला विचारा. पेरलेलं रान आणि बांध चाकाखाली येता कामा नये. ओल्या पाणंदीत आपण पाडलेल्या चाकोऱ्या वाळून दगड होतात आणि मग हंगामभर बैलगाडीवाल्यांना त्रास होतो, हे मी केजच्या त्या पाणंदीत दुसऱ्यांदा गेल्यावर पाहिलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी, गाडी भरून झाल्यावर, एक फोन करायचा, रान वाफशावर आलंय का, म्हणजे ओल बेताची उतरलीय का, ते विचारायला. गेल्या फेरीच्या आधी चार दिवस अवकाळी झाला होता. इस्लापूरकडच्या ओळखीच्या शेतकऱ्याला विचारलं, "दादा, रान वाफशावर आलंय का?" ते म्हणाले, "कुळवाला अजून चिकटतंय. दोन दिस थांबा." आम्ही सामान गाडीतच ठेवलं, खुरपं सीटमागं खोचलं, आणि दोन दिवस थांबलो.