फटीत काय भरायचं: इंदूरच्या एका लाकडी माडीवर शिकलेलं

सुतारकामात किंवा इंटिरिअरमध्ये नव्याने आलेली मुलं-मुली मला फोन करतात तेव्हा प्रश्न बहुतेक एकच असतो. "ताई, लाकडी फ्लोअरला चांगला फिलर कोणता?" त्यांना डब्याचं नाव हवं असतं. मी आधी विचारते की फट कुठली आहे आणि ती हलते का. समोरून थोडा वेळ काहीच आवाज येत नाही. मीही त्या जागी होते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

डिप्लोमा संपला तेव्हा मला प्लायवूडचे सगळे ग्रेड पाठ होते, पण जुन्या सागवानी फळीला कधी हात लावला नव्हता. पहिलं काम घरचंच मिळालं, रामबागेतल्या आत्याच्या माडीचं. नऊ इंची रुंद फळ्या, खाली कड्या म्हणजे फळ्यांना आधार देणाऱ्या आडव्या तुळया, आणि मधल्या फटी इतक्या की रात्री खालच्या खोलीतला दिवा माडीवर रेघारेघांनी दिसायचा. आतेभावाचं लग्न जूनमध्ये होतं, म्हणून मी मे महिन्यात कामाला लागले. लाकडाचा भुसा आणि पांढरा गोंद कालवून सगळ्या फटी गच्च भरल्या, घासल्या, पॉलिश केलं. लग्नाला आलेला प्रत्येक जण माडी बघून गेला.

जुलैच्या शेवटी आत्याने बोलावलं. फळ्या फुगून भरलेला माल वर ढकलला गेला होता आणि अनवाणी चाललं की पायाला टोचत होता. दोन फळ्या मधोमध उचलल्या होत्या, त्यांचे खिळे डोकं काढून उभे होते. पुढच्या मार्चपर्यंत हवा कोरडी झाली, फळ्या आकसल्या, आणि त्याच मालाच्या कांड्या फटीत सुट्या होऊन खुळखुळायला लागल्या. आत्या मला एक शब्द बोलली नाही. रोज केर काढताना निघालेल्या कांड्या तिने एका वाटीत जमवून ठेवल्या होत्या, ती वाटी फक्त माझ्यासमोर ठेवली.

दुरुस्तीला एक वयस्क मिस्त्री आले, मालवी बोलणारे. त्यांनी डबे, ब्रश काहीच उघडलं नाही. गुडघ्यावर बसून फटीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "फट चलती है के नी, पहले ये देख।" पुढची तीन वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली.

लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं, हे पुस्तकात असतंच. कामाला उपयोगी पडते ती पुढची गोष्ट: फळी लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलते. सागवान त्यातल्या त्यात शांत लाकूड. तरी नऊ इंची फळीतली ओल सहा टक्क्यांनी वाढली, तर ती कशी चिरली आहे त्यानुसार दीड ते अडीच मिलिमीटर रुंद होते. इंदूरचा एप्रिल-मे कोरडा ठणठणीत आणि ऑगस्ट दमट, त्यामुळे एवढा फरक दरवर्षी पडतो. खोलीत अशा वीस फळ्या शेजारी शेजारी असतील तर त्यांना हलायला जागा लागणारच. ती जागा म्हणजे फट. म्हणून दोन फळ्यांमधली प्रत्येक फट हा दोष आहे, असं धरून कामाला लागू नका.

मोजायला महाग साधन नको. मी पत्त्यांचा जुना कॅट वापरते. एक पान साधारण ०.३ मिलिमीटर जाड असतं. फटीत किती पानं बसतात ते मोजायचं, फळीच्या कडेला पेन्सिलने खूण करायची, वहीत तारीख लिहायची. आत्याच्या माडीवर खिडकीजवळच्या फटीत मे महिन्यात दहा पानं बसली, ऑगस्टमध्ये तीन. सात पानं म्हणजे दोन मिलिमीटरहून जास्त. त्या फटीत दगडासारखा माल का टिकला नाही, हे वहीतल्या त्या दोन आकड्यांनी मला समजावलं.

यातूनच कामाचा हंगाम ठरतो. मे महिन्यात फट सगळ्यात रुंद असते, तेव्हा गच्च भरलं तर पावसाळ्यात फळ्या उचलतात. पावसाळ्यात फट मिटलेली असते, तेव्हा भरलं तर उन्हाळ्यात त्या भरावाच्या शेजारी नवी फट उघडते. मी दिवाळीच्या आसपास, पाऊस संपून महिनाभर झाला की भरते. गिऱ्हाईक लग्नाची तारीख सांगून घाई करतं, तेव्हा नाही म्हणायला जड जातं. पण मी नाही म्हणते, किंवा तेवढ्यापुरती नुसती सफाई आणि पॉलिश करून देते.

आता न हलणाऱ्या जागा: खिळ्यांची भोकं, गाठीचे खड्डे, टवके. इथे कडक फिलर चालतो. तयार डबा घ्या किंवा स्वतः बनवा. मी स्वतः बनवते, कारण रंग जुळतो. करवतीचा जाड भुसा नको, त्याच जमिनीला पॉलिश पेपर मारताना निघालेली पिठासारखी भुकटी हवी. पहिल्या हाताची भुकटी फेकून द्यायची, तिच्यात जुनं पॉलिश आणि मळ असतो. दुसऱ्या हाताची, १२० नंबरच्या पेपरची, बरणीत भरून ठेवायची. ती पांढऱ्या गोंदात कालवली तर त्या ठिकाणी पॉलिश नीट शोषलं जात नाही आणि डाग राहतो. ज्या लॅकरने किंवा चपड्याने (लाखेच्या पॉलिशने) शेवटचं पॉलिश होणार, त्यातच कालवली तर पुष्कळ बरं जमतं. खड्डा खोल असेल तर दोन-तीन थरांत भरा, प्रत्येक थर वाळू द्या, आणि शेवटचा थर जमिनीपेक्षा किंचित वर ठेवा, कारण वाळताना तो खाली बसतो.

रंगाबद्दल एक सवय लावून घ्या. कोरड्या लाकडाशी रंग जुळवू नका. फडक्यावर थोडं स्पिरिट घेऊन फळी पुसा. ओली असताना ती जशी दिसते, साधारण तशीच ती पॉलिशनंतर दिसणार. फिलर वाळल्यावर त्यालाही तसंच ओलं करून बघा. हा प्रयोग कपाटाखालच्या कोपऱ्यात करायचा, दाराच्या समोर नाही.

दोन भाग मिसळून होणारा इपॉक्सी आकसत नाही, म्हणून कुजलेल्या कोपऱ्याला आणि मोठ्या खड्ड्याला तो उत्तम. मात्र आधी कुजलेलं सगळं पटाशीने काढा. टोच्या जिथे सहज आत जातो तिथे लाकूड संपलेलं आहे, आणि वाळवी असेल तर तिचा बंदोबस्त अगोदर व्हायला हवा. इपॉक्सीला नंतर रंग चढत नाही, म्हणून रंगाची पूड किंवा भुकटी मिसळतानाच घाला. मे महिन्याच्या उन्हात तो हातातल्या हातात घट्ट होतो, थोडा थोडाच कालवा. दोन फळ्यांमधल्या फटीत तो कधीही ओतू नका. फळ्या हलल्या की तो सुटतो, नाहीतर शेजारच्या फळीची कड घेऊन निघतो.

हलणाऱ्या फटींचं काय? एक मिलिमीटरच्या आतली असेल तर मी फक्त धूळ काढते आणि सोडून देते. त्याहून मोठीला सुती दोरी. फटीपेक्षा जरा जाड दोरी फळीच्या रंगात बुडवून वाळवायची आणि बोथट पटाशीने ठोकून बसवायची. ती दबते, पुन्हा फुलते, आणि वर्षाकाठी एखादी निघाली तर पुन्हा बसवायला दहा मिनिटं लागतात.

तीन मिलिमीटरच्या पुढे मात्र लाकडालाच लाकूड हवं. मिस्त्रींकडून शिकलेलं हे काम मला सगळ्यात आवडतं. त्याच जातीच्या जुन्या लाकडाची पातळ पट्टी चिरायची, रेषा लांबीला धरून. खालची कड किंचित निमुळती ठेवायची. फटीच्या कडा खरवडून सागवानाचा तेलकटपणा थिनरने पुसायचा, नाहीतर गोंद धरत नाही. आणि गोंद पट्टीच्या एकाच बाजूला लावायचा. दुसरी बाजू मोकळी राहिली की शेजारची फळी आपल्या मर्जीने हलू शकते. मी सुरुवातीला दोन्ही बाजूंना गोंद लावत असे, आणि पट्टी उन्हाळ्यात मधोमध चिरायची. ठोकून बसवा, वाळल्यावर वर आलेला भाग रंध्याने काढा. जुनं लाकूड मिळवायला वाडे पाडताना लक्ष ठेवा. मी कड्यांचे आणि दाराच्या चौकटींचे तुकडे आजही उचलून आणते.

इंदूरच्या सियागंज बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानांत सगळा माल मिळतो, त्याचबरोबर दोन चुकीच्या गोष्टीही पुढे केल्या जातात. भिंतीची सिमेंटची पुट्टी फळीवर पापुद्र्यासारखी सुटते. सिलिकॉनवर पॉलिश धरत नाही आणि आसपासचं लाकूडही खराब होतं. खडूची भुकटी आणि जवसाच्या तेलाची जुनी पुट्टी, जिला लांबी म्हणतात, ती वाईट नाही, पण ती रंग द्यायच्या दारा-खिडक्यांसाठी.

नव्या फ्लॅटमध्ये बहुधा लॅमिनेट असतं. तिथे भिंतीच्या कडेला सोडलेली आठ-दहा मिलिमीटरची जागा भरू नका, पट्टीखाली ती मुद्दाम ठेवलेली असते. चरे आणि टवके वितळवायच्या मेणकांडीने जातात.

भरण्याआधी सगळ्या फळ्यांवर चालून बघा. करकरणारी फळी आधी कडीला पक्की करा, सैल फळीवर कोणताही फिलर टिकत नाही. तोंडाला चांगला मास्क लावा, लाकडाची बारीक धूळ वर्षानुवर्षं आत गेली तर कर्करोगापर्यंत नेते. आणि जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेटू शकतात. पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा. आपल्या इंदूरच्या राजवाड्याचे वरचे चार मजले लाकडी, आणि १९८४ च्या आगीत त्याचा बराच भाग जळाला, हे इंदूरकरांना सांगावं लागत नाही. लाकडी घरात काम करताना मला त्याची रोज आठवण होते.

आत्याची माडी मी मिस्त्री आले त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा केली, पैसे न घेता. रुंद फटींत पट्ट्या, बाकीच्यांत दोरी. खिडकीजवळची एक फट मात्र मुद्दाम मोकळी ठेवली आहे. मी मे आणि ऑगस्टमध्ये जाते, आत्या कॅट काढून ठेवते. गेल्या वर्षी नऊ आणि तीन.