बेळगावहून विमान की गाडी? अंतर आणि वेळ कशी धरायची

नकाशावर सरळ रेघ ओढली तर बेळगावच्या सांबरा विमानतळापासून बेंगळूरचा देवनहळ्ळी विमानतळ सुमारे ४४५ किलोमीटरवर आहे. गाडीने मात्र धारवाड, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर करत ५०० च्या थोडं वर जातं. पुणे हवेतून ३१०, रस्त्याने ३४० च्या आसपास. मुंबई ४०० आणि ४८०-४९०. नुसतं हवाई अंतर हाती असेल तर त्यात दहा ते वीस टक्के मिळवा, रस्त्याचा अंदाज येतो. पण अंतरावरून वेळ ठरवायला गेलात तर फसाल.

बेंगळूरच्या तिकिटावरचा सव्वा तास हा विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे थांबेपर्यंतचा असतो. घराच्या उंबऱ्यापासून मोजा. गावातून मुतगे मार्गे सांबरा दहा-अकरा किलोमीटर, त्याला अर्धा तास. चेक-इन काउंटर उड्डाणाच्या साधारण तासभर आधी बंद होतो, म्हणून दीड तास आधी पोचायचं. उतरल्यावर बॅग हातात येऊन बाहेर पडायला अर्धा तास. देवनहळ्ळी ते मॅजेस्टिक (बेंगळूरचं मुख्य बसस्थानक) ३५ किलोमीटर, वाहतुकीप्रमाणे एक ते दोन तास. बेरीज सव्वापाच तासांच्या आसपास जाते. मोटारीने हाच प्रवास साडेआठ-नऊ तासांचा, म्हणजे विमानाने तीन-साडेतीन तास नक्की वाचतात. काम यलहंका, हेब्बाळकडे असेल तर आणखी. पीण्या, यशवंतपूरला असेल तर कमी, कारण महामार्ग त्याच बाजूने शहरात शिरतो.

रात्रीच्या स्लीपर बसचा हिशेब वेगळा. जेवून नऊला बसलात की सकाळी सात-आठला बेंगळूर. तास जास्त लागतात, पण दिवस मोडत नाही.

पुण्यासाठी थेट विमान मिळालं तरी घाईने तिकीट काढू नका. वरचाच हिशेब लावला तर सव्वाचार तास लागतात आणि गाडीला सहा. शिवाय पुण्याचा लोहगाव विमानतळ शहराच्या ईशान्येला, तर बेळगावची गाडी कात्रज-नवले पुलाकडून येते. सिंहगड रोड, कोथरूडला जाणाऱ्याचा फायदा लोहगावहून शहर ओलांडण्यात बराचसा संपतो. विमाननगर, खराडीला जायचं असेल तर विमानच बरं. रस्त्याने जाताना सरासरी ताशी ६० च्या वर धरू नका. कागल ते सातारा सहापदरीकरणाचं काम चालू असेल तिथे वळणरस्ते लागतात, खंबाटकी घाटात सुट्टीच्या दिवशी रांगा लागतात. जेवणाचा थांबा वेगळा मोजा. फास्टॅगमध्ये पैसे आहेत ना हे निघण्याआधीच पाहा. टोलनाके एकामागून एक आहेत.

विमानतळ निवडतानाही तालुका बघा. निपाणीकरांना सांबरा ८० किलोमीटरच्या वर पडतं, कोल्हापूरचं उजळाईवाडी त्याच्या निम्म्यावर. हव्या शहराचं विमान तिथून असेल तर उलटं बेळगावला यायचं कारण नाही. दूरच्या शहरासाठी गोव्याचं मोपा हाही पर्याय आहे. मात्र पावसाळ्यात गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटात धुकं आणि दरडी असतात, तेव्हा नेहमीपेक्षा किमान दीड तास आधी निघा. सांबऱ्यालाही जून ते सप्टेंबर ढग खाली उतरले की विमान लांबतं, म्हणून पुढचं जोडविमान असेल तर मध्ये तीन तास तरी मोकळे ठेवा. बेंगळूरहून परत येताना मॅजेस्टिकमधून उड्डाणाच्या साडेतीन तास आधी निघायचं. संध्याकाळचं विमान असेल तर चार.