कडाक्याच्या थंडीत वीज जाते तेव्हा: या चुका टाळा

टेक्सासमध्ये नोव्हेंबरात थंडीची पहिली लाट आली की मला फोन सुरू होतात. प्रश्न ठरलेले. बॅटरी किती मोठी घेऊ? छतावर सोलर आहे, म्हणजे काळजी मिटली ना? आणि भारतातल्या नातेवाइकांचा हमखास प्रश्न: तुमच्याकडच्या पवनचक्क्या गोठल्या आणि राज्य अंधारात गेलं, हे खरं का? विजेच्या मागणीचे अंदाज बांधण्यात माझी पंधरा वर्षं गेली. डॅलसजवळ राहतो आणि फेब्रुवारी २०२१ची ती थंडी घरात बसून सोसली आहे. तेच समज आणि त्याच चुका दर हिवाळ्यात पुन्हा दिसतात, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतो.

"पवनचक्क्या गोठल्या म्हणून वीज गेली"

बर्फ धरलेल्या पवनचक्कीवर हेलिकॉप्टरमधून फवारा मारतानाचा फोटो तुम्हीही पाहिला असेल. २०२१मध्ये तो टेक्सासचा म्हणून फिरला. तो स्वीडनमधला होता, आणि कित्येक वर्षं जुना. तरी आजही मला तो कोणीतरी पाठवतंच.

त्या रात्री काय झालं ते नीट समजून घ्या, कारण भविष्यातल्या विजेबद्दलच्या निम्म्या चुका इथूनच सुरू होतात. १४ फेब्रुवारीच्या संध्याकाळी मागणी ६९,००० मेगावॉटच्या वर गेली. हिवाळ्यातला तो तेव्हाचा उच्चांक होता. मध्यरात्रीनंतर वीजनिर्मितीचे संच एकामागून एक बंद पडू लागले आणि दीडच्या आत ग्रिड, म्हणजे राज्याचं वीजजाळं, सांभाळणाऱ्या 'एर्कॉट' या संस्थेला भारनियमनाचा आदेश द्यावा लागला. अमेरिकेत ग्रिडची वारंवारता ६० हर्ट्झ असते; पुरवठा मागणीला कमी पडला की ती घसरते. ती ५९.३०२पर्यंत घसरली. ५९.४च्या खाली ती ४ मिनिटं २३ सेकंद राहिली. नऊ मिनिटं राहिली असती, तर उरलेले संचही स्वतःला वाचवायला ग्रिडपासून सुटून आपोआप बंद पडले असते. मग शून्यातून ग्रिड उभं करायला किती दिवस लागले असते याचा विचार आजही अंगावर काटा आणतो. ते टाळण्यासाठी २०,००० मेगावॉटपर्यंतची मागणी तोडावी लागली.

संच बंद का पडले? सगळ्यात मोठा वाटा नैसर्गिक वायूचा होता. गॅसच्या विहिरीतून गॅसबरोबर पाणीही येतं. ते विहिरीच्या तोंडाशीच गोठलं. गॅस पुढे ढकलणारे कित्येक कॉम्प्रेसर विजेवर चालणारे होते, आणि त्यांची नावं अत्यावश्यक ग्राहकांच्या यादीत नव्हती. भारनियमनात त्यांचीच वीज तोडली गेली. गॅस कमी म्हणून वीज कमी, वीज कमी म्हणून गॅस आणखी कमी. अणुवीज केंद्राचा एक संचही बंद पडला. भट्टीला काहीच झालं नव्हतं, पाण्याचा दाब मोजणारी बारीक नळी गोठली होती.

केंद्रीय नियामकांचा अहवाल नोव्हेंबर २०२१मध्ये आला. टेक्सास आणि आजूबाजूच्या पट्ट्यात मिळून १,०४५ संच अडखळले होते. अनपेक्षितपणे बंद पडण्याच्या घटनांपैकी ५८ टक्के गॅसवरच्या संचांच्या, २७ टक्के पवनचक्क्यांच्या, ६ टक्के कोळशावरच्या आणि २ टक्के सौर प्रकल्पांच्या.

आता याच्या उलट चूक. माझे पर्यावरणप्रेमी मित्र छातीठोकपणे सांगतात की वाऱ्याचा काहीच दोष नव्हता. होता. पात्यांवर बर्फ चढला, यंत्रं थांबली. फरक एवढाच की हिवाळ्यातल्या अशा तासाला वाऱ्याकडून फारशी वीज हिशेबात धरलेलीच नव्हती, आणि गॅसकडून भरपूर धरली होती. स्वीडन-कॅनडात कडाक्याच्या थंडीतही पवनचक्क्या चालतात, कारण तिथे पाती गरम ठेवायची सोय करून घेतात. टेक्सासमध्ये तो खर्च फारसा कोणी केला नव्हता, ना वाऱ्यासाठी, ना गॅससाठी. आणि २०११च्या फेब्रुवारीत असंच भारनियमन होऊन गेलं होतं! तेव्हा थंडीपासून बचावाच्या शिफारशी झाल्या, त्या सक्तीच्या केल्या नाहीत. सक्तीचा कायदा आला २०२१मध्ये, माणसं मेल्यावर. सरकारी मोजणीत २४६ मृत्यू आहेत.

माझी सवय सांगतो. "अमुक स्रोताने दगा दिला" अशी बातमी वाचली की मी दोनच आकडे शोधतो: त्या तासाला त्याच्याकडून किती वीज धरली होती आणि प्रत्यक्षात किती आली. हे दोन आकडे नसतील, तर ती बातमी मी पुढे पाठवत नाही.

"छतावर सोलर आहे, आम्हाला काय फरक पडतो?"

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो.

२०१९मध्ये मी छतावर सहा किलोवॉटचं सोलर बसवलं. विकणाऱ्याने वर्षाचे युनिट, वाचणारे डॉलर, सगळं दाखवलं. वीज गेल्यावर काय होईल हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. व्यवसायाने मी याच क्षेत्रातला. करार शेवटपर्यंत वाचायला हवा होता, घाई केली.

१५ तारखेला पहाटे आमची वीज गेली. आई तेव्हा आमच्याकडे होती, साताऱ्याहून आलेली, करोनामुळे परतीचा प्रवास अडकलेला. वय ७२, दमा. हीटिंग गॅसवरचं होतं, म्हणून मला वाटलं निभेल. पण गॅसच्या भट्टीतली गरम हवा खोल्यांत ढकलणारा पंखा विजेवर चालतो, ठिणगी पाडायलाही वीज लागते. गॅस येत होता आणि भट्टी थंड होती. १६ तारखेला सकाळी डॅलसच्या विमानतळावर उणे १९ अंश सेल्सिअसची नोंद झाली, १९४९नंतरची सगळ्यात कमी. आमच्या घरात तेव्हा ४ अंश होते. सगळे एका खोलीत, दाराच्या फटीला टॉवेल, आईच्या अंगावर तिनेच शिवलेल्या दोन गोधड्या. तिचा नेब्युलायझर विजेवरचा.

दुपारी लख्ख ऊन पडलं. मी शिडी लावून, लांब दांड्याला झाडू बांधून खालच्या रांगेतल्या पॅनलवरचा बर्फ लोटला. तसं करू नये, पाय घसरला तर जीव जातो, पण तेव्हा सुचलं ते केलं. पॅनल उघडे पडले, वर सूर्य, आणि इन्व्हर्टरवर लाल दिवा. ग्रिड नाही म्हणून इन्व्हर्टर बंद. छतावर वीज तयार होऊ शकत होती आणि आई खाली धापा टाकत होती. शेवटी घराबाहेर उघड्यावर गाडी सुरू ठेवून, गाडीतल्या छोट्या इन्व्हर्टरवर नेब्युलायझर चालवला.

इन्व्हर्टर बिघडला नव्हता. ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर ग्रिड गेलं की बंद पडावा असाच बनवलेला असतो. नाहीतर तुमच्या छतावरची वीज तारांत उलटी जाईल आणि खांबावर दुरुस्तीला चढलेल्या वायरमनला झटका बसेल. ग्रिड नसताना घर चालवायचं असेल, तर बॅटरी, तसं काम करू शकणारा इन्व्हर्टर आणि घराला ग्रिडपासून तोडणारा स्विच, तिन्ही लागतं.

हे महाराष्ट्रातल्या वाचकांसाठीही लिहितोय. २०२४च्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, घरोघरी ऑनग्रिड, म्हणजे ग्रिडला जोडलेलं, सोलर बसतंय, ते चांगलंच आहे. पण भर दुपारी लाइट गेल्यावर "सोलर असून पंखा का बंद?" असं विचारणारे फोन मला पुण्याहून आणि नाशिकहूनही येतात. सही करण्याआधी एकच प्रश्न विचारा, उत्तर कागदावर घ्या: ग्रिड गेल्यावर माझ्या घरात नेमकं काय चालू राहील, आणि किती तास?

"बॅटरी किती किलोवॉटची घेऊ?"

हा प्रश्नच अर्धवट आहे. किलोवॉट म्हणजे एका वेळी किती भार उचलेल, किलोवॉट-तास म्हणजे किती वेळ उचलेल. टाकीचा नळ आणि टाकी यांच्यात जो फरक आहे तोच. दहा किलोवॉट-तासांच्या बॅटरीवर गॅसभट्टीचा पंखा, फ्रिज, चार दिवे आणि वायफाय रात्र काढतात. त्याच बॅटरीवर विजेचं हीटिंग लावलंत, तर एका तासात ती संपू शकते. घाईतल्या लोकांना हा हिशेब नको असतो, त्यांना मॉडेलचं नाव हवं असतं. मी नाव सांगत नाही. आधी घरातल्या वस्तूंची वॉटसह यादी करून आणा, मग बोलू.

दुसरं, लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करू नये. चांगल्या बॅटऱ्या स्वतःला गरम करून घेतात किंवा चार्जिंग थांबवतात. बाहेरच्या उत्तरेकडच्या भिंतीवर ती लावायचा सल्ला देणाऱ्याला परत पाठवा.

वर्षाची बेरीज करून हिवाळा काढणं

"अमुक साली सगळी वीज सूर्य-वाऱ्याची होईल, वर्षाचे युनिट पुरेसे आहेत." मला अक्षय ऊर्जा हवी आहे, मनापासून हवी आहे, म्हणूनच हा हिशेब खटकतो. तुटवडा वर्षाचा नसतो, तासाचा असतो. टेक्सासमध्ये हिवाळ्याची टोकाची मागणी बहुतेकदा सकाळी सात-आठच्या सुमारास येते. जानेवारीत डॅलसला सूर्यच साडेसातला उगवतो. इथली साधारण ६० टक्के घरं विजेवर गरम होतात, त्यामुळे पारा जसजसा खाली जातो तसतशी मागणी चढत जाते. हीटपंपाला (बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढून घर गरम करणाऱ्या यंत्राला) ती थंडी झेपली नाही की आतली विजेची कॉइल पेटते आणि एकेका घराचा भार कित्येक पट होतो. २०२१चं भारनियमन मध्यरात्रीनंतर सुरू झालं. त्या वेळी राज्यभर दहापट सौर पॅनल असते, तरी त्यांतून एक युनिटही आलं नसतं.

जर्मनीत ढगाळ आणि वारा पडलेल्या दिवसांसाठी 'डुंकेलफ्लाउटे' असा शब्दच आहे. १२ डिसेंबर २०२४ला तशाच दिवशी तिथे विजेचा घाऊक भाव एका तासासाठी मेगावॉट-तासाला ९३६ युरोवर गेला होता.

मग उपाय? एकच नाही, आणि एकच सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही. टेक्सासच्या ग्रिडवर २०२१मध्ये मोठ्या बॅटऱ्या फार तर काही शेकडे मेगावॉट होत्या, आज त्या १०,०००च्या वर आहेत. सकाळचा तो अवघड तास-दीड तास त्या पेलतात, आणि जानेवारी २०२४च्या थंडीत भारनियमन करावं लागलं नाही. पण त्यातल्या बहुतेक एक-दोन तासांच्या आहेत. चार दिवसांचं वादळ त्यांच्यावर निघणार नाही. त्यासाठी गोठणार नाही अशी गॅसची राखीव क्षमता, भिंती-छपरांना चांगलं इन्सुलेशन (घरातली ऊब बाहेर जाऊ न देणारं आवरण) आणि लांब पल्ल्याच्या तारा लागतील. टेक्सासचा एल पासो भाग पश्चिमेच्या ग्रिडला जोडलेला आहे. २०२१ला तिथे जवळपास कोणाचीच वीज फार वेळ गेली नाही. अर्थात तिथल्या लोकांनी २०११नंतर संचांच्या थंडीबचावावर पैसेही घातले होते, हे विसरू नका. इन्सुलेशनबद्दल कोणी बोलत नाही, कारण त्याचा फोटो काढून टाकता येत नाही. मी माझे पहिले पैसे माळ्यावरच्या इन्सुलेशनला घातले, बॅटरी नंतर आली.

छोट्या पण महागात पडणाऱ्या चुका

जनरेटर गॅरेजमध्ये लावू नका, दार उघडं असलं तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. २०२१मध्ये त्यानेही माणसं गेली.

भारनियमन "आलटून-पालटून" आहे म्हणजे तासाभरात वीज येईल असं धरू नका. रुग्णालयांचे फीडर (वीजवाहिन्या) तोडता येत नाहीत, उरलेले जवळपास सगळे बंदच ठेवावे लागले तर पाळी बदलायला काही उरत नाही. तेव्हा तेच झालं.

घाऊक भावाशी बांधलेला वीजदर स्वस्त दिसतो. त्या आठवड्यात घाऊक भाव मेगावॉट-तासाला ९,००० डॉलरवर होता, म्हणजे युनिटला ९ डॉलर.

वीज गेली की पाइपातलं पाणी गोठू नये म्हणून नळ बारीक धारेने चालू ठेवा आणि मुख्य पाण्याचा कॉक कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला आधीच दाखवून ठेवा. आमचा पाइप तिसऱ्या दिवशी फुटला, कॉक शोधण्यात दहा मिनिटं गेली.

नोव्हेंबरातली माझी चाचणी

दर नोव्हेंबरात एका थंड संध्याकाळी मी घराचा मेन स्विच बंद करतो आणि चार तास तसंच राहतो. मुलं कुरकुरतात, चालतं. पहिल्या वर्षी कळलं की वायफायचा राउटर बॅटरीच्या सर्किटवर नाही. दुसऱ्या वर्षी भट्टीचा पंखा सुरू होताना बॅटरीचा इन्व्हर्टर बंद पडत होता, कारण मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. इलेक्ट्रिशियनकडून सॉफ्ट स्टार्टर, म्हणजे मोटर हळूहळू सुरू करणारं उपकरण, बसवून घेतला. गेल्या वर्षी सगळं चाललं. आईचा नवा नेब्युलायझर आता स्वतःच्या छोट्या बॅटरीवर चालतो. ती साताऱ्याला असते तेव्हाही मी तो दर महिन्याच्या एक तारखेला चार्ज करून ठेवतो.