क जीवनसत्त्व आणि यकृतातील विकरे: गिनीपिगवरचा प्रयोग कसा मांडावा

क जीवनसत्त्व कमी पडले की यकृतातील विकरांवर (एन्झाइम) काय परिणाम होतो हे पाहायचे, तर पहिली चूक प्राणी निवडतानाच होते. साधा उंदीर क जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात बनवतो. आहारातून ते काढले तरी त्याला फरक पडत नाही. गिनीपिगमध्ये ते बनवण्याच्या शेवटच्या पायरीचे विकर, गुलोनोलॅक्टोन ऑक्सिडेज, नसते. म्हणून गिनीपिगच घ्यावा.

नैतिकता समितीची परवानगी मिळाल्यावर सगळ्यांना क जीवनसत्त्वविरहित खाद्य सुरू करावे. जीवनसत्त्वाची मात्रा रोज तोंडाने द्यावी: एका गटाला शून्य, दुसऱ्याला शरीराच्या दर किलो वजनामागे १० मिलिग्रॅम, तिसऱ्याला ५०. पाण्यात मिसळून देऊ नये. ते तिथे लवकर नासते आणि कोणी किती प्यायले हेही कळत नाही.

खरी गोम भुकेत आहे. साधारण दोन आठवड्यांच्या सुमारास शून्य गटाचे खाणे कमी होते, वजन अडते. उपासमारीनेही विकरांची क्रियाशीलता बदलते, मग दोष कोणाच्या माथी मारायचा? यासाठी चौथा गट हवाच: मात्रा १० मिलिग्रॅमची, पण खाद्य शून्य गटाने आदल्या दिवशी खाल्ले तेवढेच, तोलून. हा गट नसेल तर उरलेल्या आकड्यांवर विसंबू नये. स्कर्व्हीची (क जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार) उघड लक्षणे दिसण्याआधी, चौदाव्या दिवसाच्या आसपास, यकृत काढावे.

यकृत थंड सलाइनने पांढुरके पडेपर्यंत धुवावे. एक तुकडा जीवनसत्त्व मोजण्यासाठी लगेच मेटाफॉस्फरिक आम्लात घालावा. उरलेला १.१५ टक्के पोटॅशियम क्लोराइडमध्ये बर्फावर वाटावा. सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १०,००० पट) बलाने २० मिनिटे फिरवून गाळ टाकावा. वरचा द्रव १,०५,००० जीला तासभर फिरवला की मायक्रोसोम (पेशीतील पटलांचे बारीक तुकडे, ज्यांत ही विकरे असतात) तळाशी बसतात.

सायटोक्रोम पी-४५० (औषधे व विषारी द्रव्ये बदलणाऱ्या यकृतातील विकरांचा गट) मोजताना दोन्ही क्युव्हेटमध्ये (प्रकाशशोषण मोजण्याच्या पारदर्शक कुप्या) कार्बन मोनॉक्साइड सोडावा, डायथायोनाइट (क्षपण करणारे रसायन) एकीतच घालावे. उरलेल्या रक्ताचा त्रास त्यामुळे कमी होतो. ४५० आणि ४९० नॅनोमीटरवरील प्रकाशशोषणातील फरकाला १०४ ने भागले की प्रमाण मिलिमोलरमध्ये मिळते; ते प्रति मिलिग्रॅम प्रथिन मांडावे. शिखर ४२० वर सरकले असेल तर विकर बिघडले आहे किंवा हिमोग्लोबिन राहिले आहे. तो नमुना बाद. कमतरतेच्या गटात पी-४५० घटलेले दिसणे अपेक्षित आहे.

रक्तातील एएलटीवर (यकृताच्या तपासणीत नेहमी मोजले जाणारे विकर) भिस्त ठेवू नये. तो आकडा यकृताला झालेली इजा सांगतो, विकरांचे काम नव्हे; शिवाय गिनीपिगच्या यकृतात एएलटी मुळातच कमी असते.