जुनी पिकअप घरी दुरुस्त करताना: आधी हौदा (मागचा माल भरायचा भाग) उचला, रंगाचं शेवटी बघू

चिंचेखाली दहा-पंधरा वर्षं उभी राहिलेली डिझेल पिकअप मिळाली की पहिला प्रश्न रंगाचा निघतो. पैसे वाया जायला सुरुवात तिथेच होते. अशा गाडीचं खरं काम हौद्याखाली, इंजिनात आणि ब्रेकमध्ये असतं.

घेण्याआधी गाडी कुठं राहिली ते विचारा. जत, आटपाडी, माण, खटावकडची असेल तर पत्रा सहसा टिकलेला आणि रबर सगळं तडकलेलं असतं. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडची असेल तर गंज धरूनच चाला. कृष्णाकाठची असेल तर ती 2005, 2019 किंवा 2021च्या पुरात बुडाली होती का, हे मालकापेक्षा गाडीच जास्त खरं सांगते. हेडलाइटच्या वाटीत, सीटखालच्या खाचेत आणि चासीच्या (गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या) पेटीत वाळलेला बारीक गाळ शोधा. गिअरबॉक्सचा ड्रेन बोल्ट सैल करा. आधी पाणी आलं किंवा ऑइल ताकासारखं पांढुरकं निघालं, तर बेअरिंगचा खर्च धरून भाव बोला.

आता हौदा. त्याचे यू-बोल्ट बहुतेक कापावेच लागतात, नवे स्वस्त मिळतात. हौदा आणि चासी यांच्यामधल्या लाकडी किंवा रबरी पट्टीखाली ओल धरून राहते आणि सगळ्यात वाईट गंज तिथेच सापडतो. आपल्याकडच्या पिकअपनं खतं आणि द्राक्षबागेची औषधं वाहिलेली असतात. पोटॅश म्हणजे क्लोराइड, हवेतली ओल ओढणारं. मोरचूद लोखंडावर पडलं की तांबं वर बसतं आणि लोखंड विरघळतं. म्हणून वायर ब्रश लावण्याआधी प्रेशरच्या पाण्यानं सगळ्या खाचा धुवा आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवा. हे टाळलं तर प्रायमरखालून महिन्या-दोन महिन्यांत फोड येतात.

मग अर्धा किलोची हातोडी घेऊन टकटक करत चला. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला भद्द. सडलेला भाग चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापा; गंजावर ठिगळ लावू नका. पायाखालच्या फ्लोअरला 18 गेजचा म्हणजे साधारण 1.2 मिमी पत्रा पुरतो. वेल्डिंग सलग ओढलं की पत्रा वाकतो, म्हणून सेंटिमीटरभर टाके मारा, एक इकडे, एक पार तिकडे. त्याआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि अल्टरनेटरचा प्लग काढून ठेवा. चासीला तडा असेल तर मात्र घरी हात लावू नका. ते जड वाहनांच्या वेल्डरचं काम आहे.

इंजिन जाम असेल तर गाडी ट्रॅक्टरला बांधून गिअरमध्ये ओढण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका, कनेक्टिंग रॉड वाकतो. सगळे नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये 30 मिली डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं सोडा आणि तीन दिवस थांबा. नंतर क्रँक पुलीच्या नटाला लांब दांड्याचा पाना लावून मागे-पुढे हलवा. तरी सुटत नसेल तर जोर वाढवू नका, पुन्हा ऑइल घालून आणखी तीन दिवस थांबा. सुटलं की नोझल बाहेरच ठेवून, भोकांवर फडकं टाकून स्टार्टर मारा. आत राहिलेलं ऑइल दाबलं जात नाही; नोझल बसवून मारला तर पुन्हा रॉडच वाकणार.

टाकी उतरवून धुवा. रिकामी दिसली तरी तिच्याजवळ वेल्डिंग नको. इंजिन ऑइल आणि दोन्ही फिल्टर नवे घाला. हातपंपानं डिझेल फिल्टरच्या एअर स्क्रूतून बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढा, मग नोझल परत बसवून त्यांच्या पाइपचे नट सैल ठेवून डिझेल ठिबकेपर्यंत स्टार्टर मारा आणि नट आवळा. फवाऱ्यासमोर बोट धरू नका, तो कातडीत घुसतो.

पहिल्यांदा सुरू करताना एअर फिल्टरचा पाइप काढा आणि एक माणूस लाकडी फळी घेऊन तिथं उभा करा. बरीच वर्षं बंद असलेल्या डिझेल पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) अडकला की इंजिन सुसाट सुटतं आणि चावीनं थांबत नाही. इंजिनात हवा जाते त्या तोंडावर फळी दाबली की हवा तुटते. हात लावायचा नाही. ऑइलचा दिवा 10 सेकंदांत विझला नाही तर बंद करा. सिलिंडरच्या बोअरिंगची (आतून कातण्याची) वेळ आलीच तर कुपवाड एमआयडीसी किंवा कोल्हापूरचं उद्यमनगर जवळ आहे.

ब्रेकमध्ये काटकसर नको. मास्टर सिलिंडरच्या (पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणाऱ्या) आत नखाला खड्डा लागला तर नुसतं रबराचं किट बदलून उपयोग नाही, सिलिंडरच नवा घ्या. पाइप स्टीलचे, डबल फ्लेअर (टोक दुहेरी दुमडून पसरवलेले) केलेले. ब्रेक ऑइल डब्यावर लिहिलंय तेच, बहुधा डॉट 3. इंजिन ऑइलचा थेंब जरी गेला तरी रबर फुगतं. एअर काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे सहसा मागचं डावं. ड्रममधली धूळ हवेनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतो.

रंग फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. शंभर ग्रॅम पुट्टीला दोन ग्रॅम हार्डनर. जास्त झालं तर रंगावर डाग उमटतात. पीयू (पॉलियुरेथेन) रंग घरच्या शेडमध्ये मारू नका, त्याच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट साध्या मास्कनं थांबत नाही.

कागद आधीच बघून ठेवा. मालवाहू नोंद असेल तर या वयात फिटनेस दर वर्षी. 50 वर्षांवरच्या खासगी गाडीला 2021च्या नियमानं व्हिंटेज नोंदणी मिळते, पण मग रोजच्या रस्त्यावर किंवा भाड्यानं फिरवता येत नाही. आणि ग्राइंडर फिरवण्याआधी चासी नंबर शोधून त्यावर टेप लावा. एमएच 10 (सांगली), 11 (सातारा) किंवा 50 (कराड), कुठलंही आरटीओ असो, पेन्सिलचा छाप त्याच नंबरावरून घेतला जातो.