जर्मनीला शिकायला निघताय? बॅग पहिल्या पंधरा दिवसांसाठी भरा

माझा धाकटा भाऊ येत्या विंटर सेमिस्टरला जर्मनीला चाललाय. कोथरूडच्या आमच्या घरी हॉलमध्ये दोन बॅगा उघड्या पडल्यात आणि रोज कोणीतरी येऊन त्यात काहीतरी ठेवून जातंय. तीन वर्षांपूर्वी ह्याच हॉलमधून मी गेले, आता सुट्टीला आलेय, म्हणून ह्या वेळी पॅकिंग मी हातात घेतलंय. जे करतेय ते इथे लिहिते, म्हणजे बाकीच्यांनाही उपयोग होईल.

सगळ्यात आधी एक गोष्ट घरच्यांना समजवा, विशेषतः आईला. दोन वर्षांचं सामान न्यायचं नाहीये. तूरडाळ, बासमती, हळद, हिंग, सगळं तिथल्या इंडियन दुकानात मिळतं, छोट्या गावात नसेल तर ऑनलाइन मागवता येतं. अडचण पहिल्या पंधरा दिवसांत होते, कारण तेव्हा दुकान कुठे ते माहीत नसतं, तिथलं बँक अकाउंट नसतं आणि खोलीत काहीच नसतं. मी शनिवारी रात्री पोचले. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. खोलीत पलंग आणि नुसती गादी, ना चादर, ना उशी. पहिल्या दोन रात्री जॅकेट पांघरून झोपले आणि जेवण म्हणजे आईने पर्समध्ये कोंबलेल्या दशम्या. त्यात ३ ऑक्टोबरला तिथे राष्ट्रीय सुट्टी असते, तेव्हाही सगळं बंद, आणि आपली मुलं नेमकी त्याच सुमाराला पोचतात.

म्हणून एका बॅगेत सगळ्यात वर हे ठेवा: एक चादर, एक सोलापुरी चादर पांघरायला, टॉवेल, एक ताट-वाटी-चमचा, छोटी सुरी, आणि गरम पाणी घातलं की तयार होणारं चार-पाच वेळचं खाणं. घरी केलेला भाजलेल्या रव्याचा उपम्याचा मिक्स आणि पोह्यांचा मिक्स उत्तम.

वजनाचं म्हणाल तर बहुतेक विमानांत एका बॅगेला २३ किलो, पण एक बॅग की दोन ते तिकिटावरच बघा, आणि स्टुडंट फेअर (विद्यार्थ्यांसाठीचं तिकीट) आहे का ते बुकिंगच्या आधी विचारा कारण त्यात बऱ्याचदा जास्तीची बॅग मिळते. केबिनला साधारण ७-८ किलो. घरी वजनकाट्यावर बॅग घेऊन उभे राहा, मग तुमचं वजन वजा करा. २२ च्या वर जाऊ देऊ नका, काट्या-काट्यात फरक असतो आणि एअरपोर्टवर सगळ्यांसमोर बॅग उघडून लोणचं कोणाकडे द्यायचं हे ठरवायची वेळ कोणावर येऊ नये.

आता कुकर. सगळे विचारतात, न्यायचा का? हो, न्या, पण तुळशीबागेत जाऊन साधा अॅल्युमिनियमचा उचलू नका. तिथे बऱ्याच हॉस्टेलांत इंडक्शन असतं, त्यावर अॅल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. इंडक्शनला चालणारा स्टीलचा २ किंवा ३ लिटरचा घ्या, दुकानात तळाला लोहचुंबक लावून बघा, चिकटलं तर चालेल. जादाची रिंग आणि शिट्टी घ्याच, ती तिथे पटकन मिळत नाही. आणि कुकर रिकामा ठेवू नका, आत मोजे, मसाल्याच्या पिशव्या भरा. पोळपाट नेऊ नका, लाटणं न्या, ओटा असतोच.

मसाल्यांवर मात्र जरा वेळ घालवा. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मेतकूट, भाजणी, हे तिथल्या इंडियन दुकानात आपल्या चवीचं मिळत नाही, तेव्हा जागा ह्याच्यासाठी ठेवा. प्रत्येकी पाव किलो पुरे. आमच्याकडे आई काय करते, मसाला पूर्ण गार होऊ देते, मग जाड झिप पाऊचमध्ये भरून हवा दाबून काढते, वरून चिकटपट्टी, मग दुसरं पाऊच आणि वर मराठी-इंग्रजी दोन्हीत नाव. हे नाव लिहिणं महत्त्वाचं, कस्टममध्ये बॅग उघडली तर नाव नसलेल्या तपकिरी पुडीचं स्पष्टीकरण कुठे देत बसणार. लोणचं नेलं तर तेल कमी असलेलं आणि तीन पिशव्यांत. माझं एक बाटलीभर लोणचं गळालं होतं आणि थंडीतल्या कपड्यांचा तो वास दिवाळीपर्यंत गेला नाही.

काय न्यायचं नाही ते नीट वाचा. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे तूप, पेढे, बर्फी, सगळं बाद. आजीला वाईट वाटेल, पण तूप तिथल्या बटरचं घरी छान कढतं. ताजा कढीपत्ताही नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत टाकू नका, तेल भरपूर असल्यामुळे खोबरं आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या वस्तूंत धरतात आणि बॅग अडते. कापूरही नाही. विमान दुबईमार्गे असेल तर गोड्या मसाल्यात खसखस घालू नका, तिथे खसखशीवर बंदी आहे. पेढे-बर्फीऐवजी चितळ्यांची बाकरवडी न्या, पहिल्या दिवशी हॉस्टेलमध्ये ओळखी करून घ्यायला ह्याच्यापेक्षा चांगलं काही नाही.

औषधं तीन महिन्यांपर्यंतची स्वतःपुरती चालतात. डॉक्टरांकडून इंग्रजीत प्रिस्क्रिप्शन घ्या आणि त्यात ब्रँडचं नाही तर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण क्रोसिन तिथे कोणाला कळत नाही, पॅरासिटामॉल कळतं. चष्मा असेल तर दोन करून घ्या.

कपड्यांचं फार टेन्शन घेऊ नका. दोन थर्मल, एक चांगलं वॉटरप्रूफ जॅकेट, दोन जीन्स, आणि सणासुदीला एक कुर्ता किंवा साडी. हिवाळ्याचे जाड बूट तिथेच घ्या. प्लगचं, आपली दोन पिनांची पिन तिथे बसते, तीन पिनांची नाही. व्होल्टेज सारखंच आहे, त्यामुळे दोन साधे अॅडॅप्टर आणि घरचं एक एक्स्टेन्शन बोर्ड पुरतं.

पासपोर्ट, अॅडमिशन लेटर, इन्शुरन्स, ब्लॉक्ड अकाउंटचं (व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) कन्फर्मेशन, खोलीचं काँट्रॅक्ट, ओरिजिनल मार्कशीट्स हे सगळं केबिन बॅगेत. पॉवर बँकही केबिनमध्येच, चेक-इनमध्ये चालत नाही. आणि थोडे युरो रोख ठेवा. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो असले तरी ते महिन्याला ९९२ असे मिळतात, तेही तिथलं बँक अकाउंट उघडल्यावर, आणि खोलीचं डिपॉझिट, सिम, बस-ट्रेनचा पास हे सगळं त्याच्या आधी येतं.

शेवटचं, पुण्याहून निघण्याचं. मुंबईहून रात्री दीडचं विमान असेल तर दुपारी चारला गाडी हलली पाहिजे, एक्सप्रेसवेवर एक ट्रक बंद पडला की दोन तास जातात. २०२६ मध्ये गणपती १४ सप्टेंबरला बसतायत आणि २५ ला अनंत चतुर्दशी. पेठांमध्ये राहत असाल आणि निघायची तारीख विसर्जनाच्या आसपास असेल तर बॅगा आदल्या दिवशीच बाणेर किंवा वाकडच्या नातेवाइकांकडे नेऊन ठेवा, दर्शन घ्या, आणि तिकडूनच गाडीत बसा.