मांजराचं पथ्य सुरू करताय? या चुका टाळा

आमच्या अकरा वर्षांच्या बोक्याला किडनीचा आजार निघाला आणि डॉक्टरांनी कमी फॉस्फरसचं खाणं लिहून दिलं. त्याने वाटी हुंगली आणि पाठ फिरवली.

"भूक लागली की खाईल बरोबर," असं जळगावात मला चार जणांनी तरी सांगितलं. कृपा करून हे ऐकू नका. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साचू लागते आणि जिवावर बेततं. जाड मांजराला हा धोका जास्त. पूर्ण एक दिवस तोंडात काही गेलं नाही तर डॉक्टरांना फोन करा आणि सध्या जुनं खाणं द्या. पथ्य दोन दिवस मागे पडलं तरी चालेल, पोट रिकामं नको.

खाणं एका झटक्यात बदलू नका. जुन्यात पाव हिस्सा नवं, मग निम्मं, असं वाढवत न्या. साधारण सात ते दहा दिवस धरतात. आमच्याकडे पाच आठवडे लागले. मिसळलेलं नकोच असेल तर दोन वाट्या शेजारी ठेवा.

उलट्या किंवा मळमळ चालू असताना नवं खाणं सुरू करू नका. तो वास आणि ती मळमळ मांजराच्या डोक्यात एकत्र बसतात, मग ते त्या वाटीकडे फिरकत नाही. त्यात गोळी लपवण्याचाही तोच परिणाम.

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा 44-45 वर जातो. डब्यातलं ओलं खाणं बघता बघता खराब होतं आणि आपण म्हणतो, चव आवडली नाही. थोडंथोडं वाढा, पहाटे आणि ऊन उतरल्यावर. फ्रीजमधलं गारही देऊ नका. मांजर वासावर जेवतं, म्हणून वाटी गरम पाण्यात ठेवून खाणं कोमट करा.

आणि शेजारी! दूध, मासळीचं डोकं, शेवभाजीचा रस्सा, सगळे मायेनेच देतात. पण दुधामाशांत फॉस्फरस भरपूर, आणि रश्श्यातला कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. मी गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन सांगून आले.

दर आठवड्याला वजन करा: आधी मांजराला घेऊन काट्यावर उभं राहा, मग एकटं. चार किलोच्या मांजराचं महिन्याभरात चारशे ग्रॅम घटलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दवाखाना गाठा.